मरियानो रिव्हेरा आणि रिलीफ पिचरची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला बेसबॉलमधला पिचर चटकन कळतो, रिलीफ पिचर मात्र कळत नाही. तीन तासांच्या सामन्यात शेवटी येणारा, पंधरा-वीस चेंडू टाकून निघून जाणारा हा गडी एवढा मोठा कसा? न्यू जर्सीत घर केलेले आपले लोक हे विचारतात आणि त्यांनी पाठवलेली यँकीजची टोपी पुण्यात घालून फिरणारे भाचेही विचारतात. उत्तर द्यायचं तर मरियानो रिव्हेराशिवाय दुसरं उदाहरण घेण्यात अर्थ नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: त्याच्या नावापुढे लोक जो ६५२ सेव्हचा (सेव्ह म्हणजे संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवल्याची नोंद) आकडा लावतात, तो त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात कमी बोलका आकडा आहे.

रिव्हेरा कोण, थोडक्यात सांगाल?

जन्म २९ नोव्हेंबर १९६९, पनामा सिटी. वाढला प्वेर्तो काइमितो या मासेमारीच्या गावात, वडील मासेमारी बोटीचे कप्तान. १९९५ ते २०१३ अशी १९ वर्षं तो मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळला, सगळी न्यूयॉर्क यँकीजकडून. नियमित हंगामात १,११५ सामने, ६५२ सेव्ह, २.२१ ईआरए (दर ९ इनिंगमागे दिलेल्या धावा; जितका कमी तितका चांगला). पाच वेळा वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकणाऱ्या संघात होता. तेरा वेळा ऑल-स्टार, म्हणजे निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवड. २०१९ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेला, तेही एकही मत विरोधात न जाता. असं त्याच्या आधी कुणाच्याही बाबतीत घडलं नव्हतं.

रिलीफ पिचर आणि क्लोजर यांत फरक काय?

सामना सुरू करतो तो स्टार्टर. त्याच्यानंतर जो कुणी चेंडू टाकायला येतो तो रिलीफ पिचर, मग तो तिसऱ्या इनिंगमध्ये येवो की नवव्या. रिलीफ पिचरांमधला जो भरवशाचा, ज्याला थोडीशी आघाडी असताना शेवटच्या म्हणजे नवव्या इनिंगसाठी राखून ठेवतात, तो क्लोजर. आठवी इनिंग सांभाळणाऱ्याला सेटअप मॅन म्हणतात. हे सगळे मैदानाच्या कडेला बुलपेन नावाच्या जागेत बसून असतात आणि मॅनेजरचा फोन आला की हात गरम करायला लागतात.

एक गोष्ट क्रिकेटवाल्यांनी नीट लक्षात घ्यावी. बेसबॉलमध्ये एकदा बदलून बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बुमराहची दोन षटकं शेवटासाठी राखून ठेवता येतात, इथे तशी सोय नाही. त्यामुळे रिव्हेराला कधी आणायचं हा निर्णय मॅनेजरला एकदाच घेता यायचा.

सेव्ह नक्की कसा मोजतात?

जिंकणाऱ्या संघाचा शेवटचा पिचर असायला हवा आणि विजयाचं श्रेय, म्हणजे 'विन', त्याच्या नावावर नको. याखेरीज तीनपैकी एक अट पुरी व्हावी लागते. पहिली: तो आला तेव्हा आघाडी तीन धावांची किंवा कमी होती आणि त्याने किमान एक पूर्ण इनिंग टाकली. दुसरी: तो आला तेव्हा बरोबरी करू शकणारा खेळाडू बेसवर (चार बेस पळून आलं की एक धाव), बॅटिंगला किंवा लगेच पुढच्या क्रमांकावर तयार उभा होता. तिसरी: त्याने शेवटच्या किमान तीन इनिंग चांगल्या टाकल्या, मग आघाडी कितीही असो.

ही कल्पना शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांची. १९६९ पासून सेव्ह ही अधिकृत नोंद झाली. हातात आलेली आघाडी पिचरने घालवली, तर त्याला 'ब्लोन सेव्ह' म्हणतात.

मग ६५२ सेव्ह म्हणजे सगळ्यात मोठी गोष्ट नाही का?

विक्रम आहेच. १९ सप्टेंबर २०११ ला मिनेसोटा ट्विन्सविरुद्ध ६०२ वा सेव्ह घेऊन त्याने आधीचा विक्रमवीर ट्रेव्हर हॉफमनला मागे टाकलं, आणि पुढे आणखी ५० मिळवले. पण सेव्ह ही नोंद मुळात ढिसाळ आहे. तीन धावांची आघाडी असताना येऊन दोन धावा दिल्या, तरी सेव्ह मिळतो. उलट बरोबरीत असलेल्या सामन्यात घरच्या मैदानावर नवव्या इनिंगला येऊन कुणी जीव तोडून चेंडू टाकले, तर सेव्ह मिळण्याची शक्यताच नसते.

रिव्हेराच्याच कारकिर्दीत याचे तीन नमुने सापडतात.

१९९६ साली तो क्लोजर नव्हता, जॉन वेटलंडच्या आधी येणारा सेटअप मॅन होता. सेव्ह किती? फक्त ५. पण त्या वर्षी त्याने १०७ आणि दोन तृतीयांश इनिंग टाकल्या, १३० बॅटरना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं, ईआरए २.०९ ठेवला आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा आला. सातव्या इनिंगपर्यंत यँकीज पुढे असतील तर समोरच्या संघाचा सामना तिथेच संपायचा. माझ्या मते त्याचा सगळ्यात मोलाचा हंगाम हाच, आणि ६५२ मध्ये त्याचा वाटा पाचाचा.

१६ ऑक्टोबर २००३. बोस्टन रेड सॉक्सविरुद्ध अमेरिकन लीग चॅम्पियनशिपचा (वर्ल्ड सीरिजच्या आधीच्या मालिकेचा) सातवा, निर्णायक सामना, ५-५ बरोबरी. रिव्हेरा नवव्या इनिंगला आला आणि नववी, दहावी, अकरावी अशा तीन इनिंग एकही धाव न देता टाकल्या. मग ॲरन बूनने टिम वेकफील्डला होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखा फटका) मारून सामना संपवला. सगळे खेळाडू बूनकडे धावले. रिव्हेरा मात्र मैदानाच्या मध्यावर पिचरच्या उंचवट्यावर पालथा पडून देवाचे आभार मानत होता. त्या मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. या सामन्यात त्याला 'विन' मिळाला, सेव्ह नाही.

तिसरा नमुना उलट बाजूचा. २००४ मध्ये त्याच रेड सॉक्सविरुद्ध पाचव्या सामन्यात तो आला, तेव्हा आघाडी एका धावेची होती, एकही बाद नव्हता आणि पहिल्या व तिसऱ्या बेसवर आधीच्या पिचरने सोडलेले खेळाडू उभे होते. जेसन व्हॅरिटेकने एक उंच फटका मारला, झेल गेला, पण तिसऱ्या बेसवरचा खेळाडू पळून आला. अशा वेळी एकाच धावेवर भागवणं ही खरं तर चांगली कामगिरी. नोंद काय झाली? ब्लोन सेव्ह.

शिवाय प्लेऑफमधले, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेरीतले, ४२ सेव्ह ६५२ मध्ये धरलेलेच नाहीत, ते वेगळे.

मग त्याचे कोणते आकडे पाहावेत?

आधी ईआरए. पिचर दर ९ इनिंगमागे किती धावा देतो, हे यातून कळतं. क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा यात धरत नाहीत. रिव्हेराचा २.२१. हा एवढा कमी आकडा ज्या काळातला आहे, तो काळ फार महत्त्वाचा. नव्वदच्या दशकाचा शेवट आणि २००० नंतरची पहिली काही वर्षं म्हणजे होम रनचा पाऊस आणि स्टेरॉइडचा सुळसुळाट. संघांच्या धावा धो धो वाढत होत्या आणि हा माणूस वर्षानुवर्षं दोनच्या खाली. अकरा हंगामांत त्याचा ईआरए २.०० पेक्षा कमी होता.

काळ आणि मैदान यांचा हिशेब करून ईआरए मोजण्याची एक पद्धत आहे, तीत सरासरी पिचर म्हणजे १००. रिव्हेरा २०५. म्हणजे साधारण पिचरच्या दुप्पट चांगला, तोही १,२८३ इनिंगभर. किमान १,००० इनिंग टाकलेल्यांमध्ये १९२० नंतर इतका कमी ईआरए दुसऱ्या कुणाचा नाही.

मग वॉक. चार चेंडू स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकोनाच्या) बाहेर गेले की बॅटर फुकट पहिल्या बेसवर जातो. आपल्याकडे वाइडची एक धाव जाते, इथे अख्खा माणूस बेसवर जातो. १,२८३ इनिंगमध्ये रिव्हेराने फक्त २८६ वॉक दिले आणि १,१७३ स्ट्राइकआउट घेतले. २००८ चा हंगाम तर काढून बघण्यासारखा आहे: ७७ स्ट्राइकआउट, ६ वॉक, ३९ सेव्ह, ईआरए १.४०, वय ३८. अख्ख्या हंगामात सहा.

त्याची सुरुवात कशी झाली? लहानपणापासून पिचरच होता का?

अजिबात नाही. गावात पुठ्ठ्याचे हातमोजे आणि जुन्या जाळ्यांचा गुंडाळून केलेला चेंडू, असा खेळ. पनामाच्या स्थानिक संघात तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक, होता. एका सामन्यात संघाचा पिचर मार खात होता, म्हणून रिव्हेरा हात वर करून पुढे आला. त्यातून यँकीजच्या खेळाडू-शोधकांपर्यंत नाव पोचलं आणि १९९० च्या सुरुवातीला अगदी मामुली रकमेवर करार झाला. तेव्हा तो वीस वर्षांचा, सडपातळ, आणि चेंडूला फारसा वेगही नाही. इंग्रजी येत नव्हतं. घर सोडून पहिल्यांदाच परदेशात.

त्या पहिल्या वर्षी गल्फ कोस्ट लीग या नवोदितांच्या लीगमध्ये ५२ इनिंगमध्ये त्याने एकच 'अर्न्ड' (ईआरएत धरली जाणारी) धाव दिली. ईआरए ०.१७. हे वाचून वाटेल की लगेच डोक्यावर घेतलं असेल. तसं काही झालं नाही. १९९२ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी दोन नवे संघ लीगमध्ये येणार होते आणि त्यांना इतर संघांचे खेळाडू उचलता येत होते. आपले कोणते खेळाडू द्यायचे नाहीत याची यादी यँकीजने केली, तीत रिव्हेराचं नाव नव्हतं. तरी त्याला कुणी उचललं नाही.

मेजर लीगमध्ये आल्यावर तरी लगेच चमकला का?

२३ मे १९९५ ला स्टार्टर म्हणून पदार्पण, आणि सडकून मार खाल्ला. त्या वर्षीचा ईआरए ५.५१. जूनमध्ये परत मायनर लीगला, म्हणजे खालच्या स्तरावर, पाठवलं. तिथे अचानक त्याच्या चेंडूचा वेग वाढला. तासाला नव्वद मैलांच्या आतबाहेर असलेला चेंडू ९५ पर्यंत जायला लागला. यँकीजचे जनरल मॅनेजर जीन मायकल त्या वेळी त्याला दुसऱ्या संघाला देण्याच्या बोलण्यात होते. हा वेग कानावर आला आणि त्यांनी ते बोलणं थांबवलं. ४ जुलैला शिकागो व्हाइट सॉक्सविरुद्ध रिव्हेराने ८ इनिंग एकही धाव न देता टाकल्या, ११ स्ट्राइकआउट.

पुढच्या वर्षी हंगामाआधी पुन्हा एकदा त्याला देऊन टाकायची चर्चा झाली, या वेळी सिॲटलच्या फेलिक्स फर्मिन नावाच्या शॉर्टस्टॉपच्या बदल्यात. फर्मिनचं नाव आज लोकांना माहीत आहे ते या न झालेल्या सौद्यामुळेच.

कटर म्हणजे काय? एकच चेंडू टाकून एवढी वर्षं कशी काढली?

कटर हा फास्टबॉलचाच भाऊबंद. फास्टबॉलसारखा वेगात येतो आणि अगदी शेवटच्या क्षणी आडवा सरकतो. रिव्हेरा उजवा असल्यामुळे त्याचा कटर डावखुऱ्या बॅटरच्या अंगात शिरायचा. वेग ताशी १५० किलोमीटरच्या आसपास. बॅटरने ठरवलं असतं की बॅटच्या मध्यावर घेऊ, आणि चेंडू येऊन आदळायचा मुठीजवळच्या बारीक दांड्यावर. मग बॅट मोडायची.

१९९९ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये अटलांटाचा डावखुरा रायन क्लेस्को समोर होता. एकाच खेपेत त्याच्या तीन बॅट मोडल्या. त्याच्याच संघाचे खेळाडू डगआउटमध्ये हसत होते. बेसबॉलमध्ये उजव्या पिचरला डावखुरे बॅटर अधिक खेळून काढतात, हा सर्वसाधारण नियम. रिव्हेराविरुद्ध डावखुऱ्यांची सरासरी (हिट मिळण्याचं प्रमाण) उजव्यांपेक्षाही कमी होती.

हा चेंडू त्याला सापडला कसा, हीसुद्धा गंमतच आहे. जून १९९७ मध्ये सामन्याआधी तो सहकारी रामिरो मेंडोझाबरोबर साधं झेलाझेली करत होता. चेंडू आपोआप वाकडा जायला लागला. मेंडोझा वैतागला, त्याला वाटलं हा मुद्दाम करतोय. पिचिंग प्रशिक्षक मेल स्टॉटलमायर यांच्याबरोबर रिव्हेराने तो चेंडू सरळ करायचा बराच प्रयत्न केला. जमेना. शेवटी दोघांनी नाद सोडला आणि तोच चेंडू सामन्यात टाकायचं ठरवलं. रिव्हेरा अतिशय श्रद्धाळू ख्रिश्चन, तो याला देवाची देणगी म्हणतो.

सगळ्यांना माहीत होतं की तो कटरच टाकणार. तरी कळून उपयोग नव्हता, कारण शेवटच्या काही फुटांपर्यंत तो फास्टबॉलच दिसायचा. आणि एवढ्या वेगाच्या चेंडूवर त्याचा ताबा असा, की यष्टिरक्षकाने, म्हणजे कॅचरने, हातमोजा धरला तिथेच चेंडू. पकड मात्र त्याने कधी लपवून ठेवली नाही. २००८ च्या ऑल-स्टार सामन्यात टोरोंटोच्या रॉय हॅलाडेला त्याने ती दाखवली, हॅलाडेने चेंडूवर पेनाने बोटांच्या खुणाच करून घेतल्या. प्रतिस्पर्ध्याला असं शिकवल्याबद्दल यँकीजच्या खेळाडूंनी आपल्या गमतीच्या कोर्टात रिव्हेराला दंड ठोकला.

प्लेऑफमधल्या कामगिरीचा एवढा गवगवा का?

कारण तिथे समोर फक्त चांगले संघ असतात आणि थंडीच्या रात्री एकेका चेंडूवर हंगाम टांगलेला असतो. बहुतेक पिचरचे आकडे तिथे बिघडतात. रिव्हेराचे सुधारले.

१६ हंगामांच्या प्लेऑफमध्ये ९६ सामने, १४१ इनिंग, ४२ सेव्ह, ८ विजय, १ पराभव. ईआरए ०.७०. एकूण 'अर्न्ड' धावा फक्त ११, होम रन दोन: १९९७ मध्ये सँडी अलोमार ज्युनियर, २००० मध्ये जे पेटन. चंद्रावर चालून आलेली माणसं बारा आणि प्लेऑफमध्ये रिव्हेराविरुद्ध 'अर्न्ड' धाव काढलेली अकरा, हा अमेरिकेतला जुना विनोद यावरूनच.

१४१ इनिंग ही संख्या मला ईआरएपेक्षाही मोठी वाटते. ९६ सामन्यांत १४१ म्हणजे सरासरी जवळपास दीड इनिंग. नियमित हंगामात हेच प्रमाण सव्वा इनिंगच्याही आत होतं. म्हणजे मॅनेजर जो टोरी त्याला प्लेऑफमध्ये सर्रास आठव्या इनिंगलाच आणत. नवव्याची वाट बघत बसत नसत. याच्या उलट वागलं तर काय होतं ते २०१६ मध्ये दिसलं. बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन त्या वर्षी ०.५४ ईआरएवर होता, ४७ पैकी ४७ सेव्ह. टोरोंटोमधल्या बाद पद्धतीच्या सामन्यात बरोबरी होती, मॅनेजर बक शोवॉल्टर आघाडी मिळण्याची वाट बघत राहिले आणि ब्रिटन बुलपेनमध्येच बसून राहिला. अकराव्या इनिंगला एडविन एन्कार्नासिओनने दुसऱ्या पिचरला होम रन मारला. हंगाम खलास.

१९९८, १९९९, २००० आणि २००९ या चारही वर्ल्ड सीरिजचा शेवटचा बळी रिव्हेराने मिळवला. १९९९ मध्ये तो मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू होता.

तो कधी हरलाच नाही का?

हरला, आणि हरला तेही सगळं जग बघत असताना.

१९९७ मध्ये क्लीव्हलंडविरुद्ध यँकीज मालिका जिंकण्यापासून चार बळी दूर होते, तेव्हा अलोमारने तो होम रन मारला. क्लोजर म्हणून रिव्हेराचं ते पहिलंच वर्ष. अशा फटक्यानंतर बरेच क्लोजर कायमचे खचतात.

मोठा पराभव ४ नोव्हेंबर २००१ चा. ॲरिझोनात वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना, यँकीज २-१ ने पुढे. आठव्या इनिंगमध्ये त्याने तिन्ही बळी स्ट्राइकआउटने मिळवले. नवव्यात मार्क ग्रेसने एक हिट काढला. पुढच्याने बंट केला, म्हणजे चेंडू बॅटने नुसता पुढे सोडला. रिव्हेराने तो उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला तो वेडावाकडा. स्वतःच्याच फेकीची चूक. नंतरच्या बंटवर मात्र त्याने तिसऱ्या बेसवर एक बळी मिळवला. मग टोनी वोमॅकचा डबल (दोन बेसचा हिट), बरोबरी. क्रेग काउन्सेलच्या अंगावर चेंडू लागला, तिन्ही बेस भरले. एक बाद. धाव अडवायला यँकीजने आतले क्षेत्ररक्षक पुढे बोलावले होते. लुइस गोन्झालेझला कटर मुठीजवळ लागला, पण चेंडू हवेत लुळा उडून क्षेत्ररक्षक डेरेक जेटरच्या डोक्यावरून जेमतेम गवतावर पडला. क्षेत्ररक्षक नेहमीच्या जागी असते तर सोपा झेल होता. प्लेऑफमधला त्याचा एकमेव पराभव तो हाच.

या पराभवाला एक विलक्षण जोड आहे. यँकीज जिंकले असते तर न्यूयॉर्कमध्ये विजयाची मिरवणूक निघाली असती आणि संघातला एन्रिके विल्सन त्यानंतर १२ नोव्हेंबरच्या विमानाने डोमिनिकन रिपब्लिकला जाणार होता. हरल्यामुळे तो आधीच घरी गेला. अमेरिकन एअरलाइन्सचं ते ५८७ क्रमांकाचं विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलं. हरलो ते बरं झालं, मित्र तरी राहिला, अशा अर्थाचं रिव्हेरा नंतर बोलला.

रेड सॉक्सविरुद्धच्या २००४ च्या त्याच मालिकेतला चौथा सामना बोस्टनवाले कधीच विसरणार नाहीत. यँकीज मालिकेत ३-० आणि सामन्यात ४-३ ने पुढे, नववी इनिंग. रिव्हेराने पहिल्याच बॅटरला, केव्हिन मिलारला, वॉक दिला. त्याच्या जागी पळायला डेव्ह रॉबर्ट्स आला. त्याने दुसरा बेस चोरला (फटका नसताना पळून गाठला), हे अख्ख्या मैदानाला अपेक्षित असतानाही चोरला. बिल म्युलरच्या हिटवर तो घरी आला. बोस्टनने तो सामना जिंकला, पुढचे तीनही जिंकले आणि मग वर्ल्ड सीरिजही. पुढच्या एप्रिलमध्ये फेनवे पार्कवर खेळाडूंची ओळख करून देताना बोस्टनच्या प्रेक्षकांनी रिव्हेरासाठी जोरात टाळ्या वाजवल्या, अर्थात खोडसाळपणे. तो हसला आणि त्याने टोपी उंचावली.

त्याला सर्वांत जास्त त्रास कुणी दिला?

सिॲटलचा एडगर मार्टिनेझ. बाकीच्यांची सरासरी .२११ च्या आसपास आणि मार्टिनेझची .५०० च्या बरीच वर. का, हे रिव्हेरालाही कधी नीट कळलं नाही. २०१९ मध्ये दोघे एकाच दिवशी हॉल ऑफ फेममध्ये गेले.

४२ क्रमांकाची काय भानगड आहे?

जॅकी रॉबिन्सन हा आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, त्याचा क्रमांक ४२. त्याच्या पदार्पणाला ५० वर्षं झाली म्हणून १९९७ मध्ये हा क्रमांक सगळ्या संघांमधून निवृत्त केला. तेव्हा जे वापरत होते त्यांना तो ठेवायची मुभा दिली. त्यातला शेवटपर्यंत टिकलेला रिव्हेरा. म्हणजे नेहमीचा क्रमांक म्हणून ४२ घालणारा तो शेवटचा खेळाडू.

आणि ते गाणं?

मेटॅलिकाचं 'एंटर सँडमन'. १९९९ पासून तो मैदानात येताना यँकी स्टेडियमवर वाजायचं. निवड त्याची नव्हती, स्टेडियमच्या लोकांची. त्याला स्वतःला असल्या संगीतात रस नव्हता. २२ सप्टेंबर २०१३ च्या निरोप समारंभात मेटॅलिकाने येऊन ते प्रत्यक्ष वाजवलं.

दुखापतीनंतर चाळिशी ओलांडलेला माणूस परत कसा आला?

३ मे २०१२, कॅन्सस सिटी. सामन्याआधीच्या सरावात उंच चेंडू पकडायला धावणं ही त्याची आवडती सवय, त्याचा व्यायामच तो. तसं धावताना गुडघ्याचा लिगामेंट फाटला. ४२ वर्षांचा होता. तिथेच थांबला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. पण असं लंगडत जायचं नाही म्हणून तो परत आला आणि २०१३ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, ४४ सेव्ह, २.११ ईआरए. ऑगस्टमध्ये सलग तीन ब्लोन सेव्हही झाले, जे आधी कधीच झालं नव्हतं. हेही सांगायला हवं.

त्या वर्षी प्रत्येक शहरात त्याला निरोपाच्या भेटी मिळाल्या. मिनेसोटाने दिलेली सगळ्यांत चपखल: मोडलेल्या बॅटच्या लाकडाची झुलती खुर्ची. ऑल-स्टार सामन्यात मॅनेजर जिम लेलंड यांनी त्याला आठव्याच इनिंगला पाठवलं, कारण नवव्याची संधी मिळेलच याची खात्री नव्हती. तो मैदानात आला तेव्हा दोन्ही संघांचे खेळाडू बाहेरच थांबले होते, पिचरच्या उंचवट्यावर तो एकटा. २६ सप्टेंबरला टॅम्पा बे रेजविरुद्ध शेवटचा सामना. त्याला बाहेर न्यायला मॅनेजर आले नाहीत, अँडी पेटिट आणि डेरेक जेटर हे जुने साथीदार आले. रिव्हेरा पेटिटच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. यँकीज तो सामना ४-० ने हरत होते, त्यामुळे सेव्हचा प्रश्नच नव्हता.

हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवड, हे इतकं दुर्मीळ का?

मतं देतात बेसबॉलचे पत्रकार आणि त्यांच्यात कुणीतरी एक अडून बसणारा असतोच. बेब रूथपासून कुणालाच शंभर टक्के मिळाले नव्हते. २०१६ मध्ये केन ग्रिफी ज्युनियरला ४४० पैकी ४३७ मतं मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये रिव्हेराला ४२५ पैकी ४२५. पुढच्या वर्षी त्याचाच सहकारी जेटर एका मताने हुकला. रॉय हॅलाडेही २०१९ च्याच तुकडीत होता, पण मरणोत्तर. २०१७ मध्ये विमान अपघातात तो गेला होता.

१,२८३ इनिंग टाकणाऱ्याला एवढा मान देणं अती नाही का?

हा प्रश्न रास्त आहे. त्याच दिवशी हॉलमध्ये गेलेल्या माइक मुसिनाने ३,५६२ इनिंग टाकल्या, २७० सामने जिंकले, आणि त्याला मात्र सहाव्या मतदानापर्यंत ताटकळावं लागलं. एका खेळाडूमुळे संघाला किती विजय जास्त मिळाले, हे मोजणाऱ्या हिशेबात मुसिना रिव्हेराच्या पुष्कळ पुढे आहे. फक्त नियमित हंगाम बघितला तर रिलीफ पिचर चांगल्या स्टार्टरची बरोबरी करू शकत नाही, हे मला मान्य आहे. बहुतेक क्लोजरबद्दल तर मी आणखी कठोर होईन: तीन-चार वर्षं झळकतात आणि संपतात.

पण रिव्हेराच्या बाबतीत त्या १४१ इनिंग बाजूला ठेवता येत नाहीत. त्या धरल्या की मला हा वाद संपलेला वाटतो.

त्याने कधी बॅटिंग केली का?

जवळजवळ नाही. अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच बॅटिंग करायचा. पण २८ जून २००९ ला मेट्सच्या मैदानावर त्याच्यावर वेळ आली, तिन्ही बेस भरलेले. समोर फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ, एका हंगामात ६२ सेव्ह घेण्याचा विक्रम करणारा क्लोजर. रॉड्रिगेझने त्याला वॉक दिला आणि रिव्हेराच्या नावावर कारकिर्दीतली पहिली धाव जमा करून दिल्याची नोंद झाली. मग परत जाऊन त्याने सामना संपवला. तो त्याचा ५०० वा सेव्ह.

६५२ चा विक्रम मोडेल का?

वर्षाला ४० सेव्ह धरले तरी १६ वर्षांहून जास्त लागतात. केनली जॅन्सन आणि क्रेग किम्ब्रेल चारशेच्या पुढे गेले, पण तेव्हा दोघेही तिशीच्या मध्यावर आलेले होते. शिवाय आता मॅनेजर बदलले आहेत. सगळ्यात चांगला रिलीफ पिचर ते सातव्या किंवा आठव्या इनिंगलाही आणतात, समोरच्या संघाचे सर्वांत धोकादायक बॅटर ज्या वेळी येणार असतील त्या वेळी, आणि नववी दुसऱ्या कुणाला तरी देतात. सेव्ह दोघा-तिघांत वाटले जातात. मला ही पद्धत जास्त शहाणपणाची वाटते, आणि १९९६ मध्ये टोरींनी रिव्हेराला बरंचसं असंच वापरलं होतं.